क्लिफ्टनच्या पुलाच्या साखळ्या दोरीसारख्या का दिसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रिस्टलला एव्हन नदीच्या खोल घळीवर असलेल्या क्लिफ्टन झुलत्या पुलाचं २४ बाय ३६ इंचांचं तैलचित्र तुम्ही करताय. हॉटवेल्सच्या बाजूने, नदीकाठावरून मोबाइलवर काढलेला फोटो समोर आहे. चौकटी आखून पूल मोजूनमापून उतरवलाय, तरी साखळ्या कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या वाटतात आणि अख्खा पूल वरून चिकटवल्यासारखा दिसतो. तर साखळ्यांसाठी कोणता बारीक ब्रश घ्यावा, कोणता काळा वापरावा? ओहोटीचा चिखल तसाच ठेवावा की पाणी निळं करून टाकावं? आणि चित्राला जुन्या काळचा भाव यावा म्हणून खाली शिडाचं जहाज घातलं तर चालेल का?

ब्रशचं आधी सांगून मोकळा होतो. रिगर म्हणतात तो लांब केसांचा बारीक ब्रश घ्या, ट्यूबमधला काळा घेऊ नका. पण एवढ्याने चित्र सुधारणार नाही, कारण अडचण ब्रशमध्ये नाहीच. तुम्ही पाठवलेल्या चित्राच्या फोटोत स्पष्ट दिसतंय की आकाश, कडे, पाणी सगळं आधी पूर्ण केलं, वाळू दिलं आणि मग त्यावर पूल काढला. मागचं चित्र पुलाशिवायच संपलं होतं. पुलाला त्यात जागा ठेवलीच नव्हती. झुलता पूल हवेतून जातो हे खरं, पण चित्रात तो उभा राहतो दोन टोकांच्या वजनावर आणि खालच्या खोलीवर. ही तीन ठिकाणं जमली तर मधली साखळी अर्धी पुसली गेली तरी बघणाऱ्याचा डोळा ती पुरी करून घेतो. ती नाही जमली तर साखळीची कडी न् कडी काढा, पूल तरंगतच राहणार.

पुढचं सगळं तुम्ही कुठून आणि कधी बघताय यावर अवलंबून आहे, म्हणून तेही सांगतो. हॉटवेल्सकडून, म्हणजे खालून आणि साधारण वायव्येकडे बघताना, डावीकडे ली वुड्सची झाडी येते आणि उजवीकडे क्लिफ्टनचे चुनखडीचे कडे. सकाळचं ऊन डाव्या उतारावर पडतं आणि क्लिफ्टनचा कडा सावलीत राहतो. दुपार कलली की उलटं होतं. भर दुपारी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, दोन्ही बाजू सारख्याच उजळतात आणि घळीची खोली नाहीशी होते. तुमचा फोटो बहुधा अशाच वेळचा आहे. त्यात मोबाइलने आकाश पांढरंफटक केलंय आणि झाडी काळी केलीय, म्हणजे मधल्या छटा आधीच गेलेल्या. पुलाच्या पलीकडे, सी वॉल्सवरून दक्षिणेकडे बघितलं असतं तर पूल उजेडासमोर गडद आकृती म्हणून आला असता, आणि माझा सल्लाही निराळा असता. ऑब्झर्व्हेटरीच्या टेकडीवरून तर रस्त्याची वरची बाजूच दिसते. मी इथे फक्त तुमच्या जागेपुरतं बोलतोय.

आता साखळीचा रंग. उजळ आकाशासमोरची बारीक गडद वस्तू आपल्याला तिच्या खऱ्या रंगापेक्षा फिकी दिसते, कारण भोवतालचा उजेड तिच्या कडा खाऊन टाकतो. वस्तू जितकी बारीक तितकं हे जास्त. म्हणून दगडी मनोरा आणि लोखंडी साखळी दोन्ही सावलीत असल्या तरी आकाशासमोर साखळी मनोऱ्याइतकी गडद कधीच दिसत नाही. तुम्ही ती मनोऱ्यापेक्षाही गडद केलीय. तिथेच तिची दोरी झाली. शिवाय या पुलाचं लोखंड करड्या रंगाने रंगवलेलं आहे. तेच करडं डाव्या टोकाला झाडीसमोरून जातं तेव्हा झाडीपेक्षा उजळ दिसतं. एकाच पुलाची रेघ आकाशासमोर गडद आणि झाडीसमोर फिकी, आणि या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी येते की दोन्ही टोन जुळतात आणि रेघ दिसेनाशी होते. तुम्ही ती जागा गिरवून पक्की केलीय. ती मोकळी सोडा.

मी हे कसं करतो ते सांगतो. पॅलेटवर आकाशाचा जो रंग तयार असतो त्यातच अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) घालून तो दोन पायऱ्या खाली उतरवतो. म्हणजे साखळीचा रंग आकाशाच्याच कुळातला राहतो. आकाश ओलं असतानाच साखळी हवी त्याच्या दुप्पट जाड ओढतो, अजिबात नाजूकपणा न करता. मग फ्लॅट ब्रशवर स्वच्छ आकाशाचा रंग घेऊन वरून आणि खालून ती कापत आणतो. रेघ ब्रशने काढलेली राहत नाही, दोन्ही बाजूंच्या आकाशाने घडवलेली होते. तिची एक कड कुठे धारदार राहते, कुठे आकाशात मिसळते, जाडी आपोआप कमीजास्त होते. वाळलेल्या रंगावर रिगरने ओढलेल्या रेघेला हे जमत नाही. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोराची राहते, आणि आपला हात जितका सफाईदार तितकी ती जास्त वाईट दिसते.

क्लिफ्टनची साखळी म्हणजे वळलेली तार नव्हे हेही ध्यानात असू द्या. प्रत्येक बाजूला एकावर एक अशा तीन साखळ्या आहेत, आणि प्रत्येक साखळी लांब, सपाट लोखंडी पट्ट्या टोकांना खिळींनी जोडून केलेली. लांबून तिन्ही मिळून एक पट्टा दिसतो, त्यात मध्ये मध्ये उजेडाच्या बारीक फटी. म्हणून सहा रेघा ओढू नका. एक पट्टा घ्या आणि जवळच्या मनोऱ्यापाशी दोन-तीन ठिकाणी आकाशाच्या रंगाने फट उघडा, बस्स. लोंबते दांडे एकूण १६२ आहेत, ८१ जोड्या. मनोऱ्याजवळचे सुमारे २० मीटर लांब, मध्यावरचे जेमतेम एक मीटर. हा फरक चित्रात यायला हवा, संख्या येण्याची गरज नाही. जवळच्या टोकाचे थोडे स्पष्ट काढा, पुढे कोरड्या ब्रशने नुसता उभा पोत द्या, आणि दूरच्या टोकाला तर ते आकाशावर चढलेली एक पातळ करडी छाया एवढेच उरतात. जे काढाल ते मात्र बिनचूक उभे असू द्या. एक जरी कलला तरी आख्खा रस्ता ढिला वाटतो.

वळणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचं वळण चुकलंय, आणि चौकटी आखूनही चुकलंय. कारण मोबाइलचं भिंग कडांना ताणतं आणि कॅमेरा वर रोखला की उभ्या रेघा आत कलतात. फोटो तसाच उतरवला की तो कलही उतरतो. मनोरे आधी सरळ उभे करून घ्या, मग वळण बांधा.

नुसती टांगलेली साखळी एका वळणात लोंबते, आणि तिच्यावर सपाट रस्त्याचं सारखं वजन आलं की ते वळण पॅराबोलाच्या जवळ जातं. एवढ्या उथळ झोकात दोहोंतला फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून बांधायला सोपा तो पॅराबोला घ्यायचा. दोन्ही मनोऱ्यांच्या माथ्यांना, जिथे साखळी टेकते तिथे, जोडणारी एक रेघ काढा. रस्त्याच्या किंचित वर, साखळी जिथवर उतरते त्या पातळीला दुसरी. पर्स्पेक्टिव्हमध्ये या दोन्ही रेघा एकाच व्हॅनिशिंग पॉइंटकडे, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेघा चित्रात जिथे मिळतात त्या बिंदूकडे जातात. दोन मनोरे आणि या दोन रेघा मिळून एक चौकोन झाला. त्याचे कर्ण काढा. ते जिथे छेदतात तिथून उभी रेघ सोडा, ती खालच्या रेघेला जिथे भेटते तो पुलाचा खरा मध्य. तो चित्रातल्या अंतराच्या मध्यावर येणार नाही, दूरच्या मनोऱ्याकडे सरकलेला असेल, आणि तसाच हवा. आता दोन्ही अर्ध्या चौकोनांचे पुन्हा कर्ण काढा म्हणजे पाव अंतरावरच्या उभ्या रेघा मिळतील. मनोऱ्याच्या माथ्यापासून त्याच बाजूच्या पाव-रेघेच्या तळापर्यंत सरळ रेघ ओढा. साखळी माथ्यावरून निघताना याच रेघेला धरून निघते. मध्यावर ती खालच्या रेघेला नुसती स्पर्श करते. आणि पाव-रेघेवर ती तळापासून एक-चतुर्थांश उंचीवर असते. इतके आधार मिळाल्यावर हात चुकायला जागाच राहत नाही.

यातली गंमत अशी की तुम्ही खालून बघताय, म्हणजे पूल सगळाच्या सगळा तुमच्या डोळ्याच्या पातळीच्या वर आहे. त्यामुळे सगळ्या आडव्या रेघा दूर जाताना खाली उतरतात, आणि साखळीची चित्रात सगळ्यात खाली दिसणारी जागा पुलाच्या मध्यावर नसते, आणखी पलीकडे सरकते. तुम्ही सगळ्यात खालचा बिंदू बरोबर मध्ये ठेवून दोन्ही बाजू सारख्या केल्यात. समोरून बघितलेली साखळी आणि कोनातून बघितलेले मनोरे असं ते मिश्रण झालंय.

झोकही खोल झालाय. पुलाचा गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, सुमारे २१४ मीटर आणि मनोरे २६ मीटर, म्हणजे समोरून बघितलं तर रुंदी उंचीच्या आठपट. कोनातून रुंदी आखडते, पण तुमच्याकडे ती जवळच्या मनोऱ्याच्या चौपटही नाही. आठवणीतून किंवा उत्साहातून काढताना मनोरे नेहमी वाढतात. मोजून घ्या.

आता टोकं, आणि माझ्या मते या चित्राचा जीव इथेच आहे. क्लिफ्टनचा पूल दोन्हीकडे सारखा नाही. उजवीकडचा मनोरा जवळजवळ कड्यावरच बसलाय. डावीकडे ली वुड्सचा उतार मागे आहे, म्हणून तिथे मनोऱ्याखाली तांबड्या वालुकाश्माचा सुमारे ३३ मीटर उंचीचा प्रचंड ओटा बांधून पुढे आणलाय. मनोऱ्यापेक्षा ओटाच उंच! हा ओटा भरीव असेल असंच लोक धरून चालले होते. आत बारा कमानदार पोकळ खोल्या आहेत हे २००२ मध्ये कळलं. चित्रकाराला आतलं काही दिसत नसलं तरी बाहेरचं वजन दिसतं, आणि तुम्ही तिथे झुडपं वाढवून ते झाकून टाकलंय. ती झुडपं काढा. लाइट रेड, यलो ऑकर आणि सावलीसाठी थोडा अल्ट्रामरीन, पॅलेट नाइफने दाबून भरा. चित्रातला सगळ्यात जाड रंग तिथे असू दे. त्या उबदार तांबड्यासमोर क्लिफ्टनचा कडा थंड करडा ठेवा, मधूनच लोहाच्या गंजासारखे ओघळ. मनोऱ्यांची ठेवणही तंतोतंत एक नाही: क्लिफ्टनच्या मनोऱ्याला बाजूने भोकं आहेत, ली वुड्सच्याची कमान जास्त टोकदार आहे. एकाचा दुसरा आरसा करू नका.

घळ आधी आणि पूल मग, हा माझा हट्ट नाही, त्या जागेचा इतिहासच तसा आहे. इंग्रज चित्रकार टर्नर १७९१ मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, इथे येऊन रेखाटनं करून गेला. फ्रान्सिस डॅन्बी, सॅम्युएल जॅक्सन हे ब्रिस्टलचे चित्रकार ही घळ पूल पुरा होण्याच्या कितीतरी आधी रंगवत होते. पूल नसतानाही ते चित्र पूर्ण होतं, कारण खोली होती. तुमचा पूल अंगठ्याने झाका आणि बघा, घळ खोल वाटते का? मला नाही वाटत. रस्ता भरतीच्या पाण्यापासून ७५ मीटरच्या आसपास वर आहे, आणि तो उंच वाटायला खाली काहीतरी लहान हवं: काठावरचं एखादं वाहन, माणसाचा ठिपका.

चिखल ठेवा. निळं पाणी करणं ही त्या नदीबद्दल थापच होईल. एव्हन नदीच्या मुखाशी मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी १२ मीटरहून जास्त वरखाली होते. ओहोटीला मध्ये अरुंद पाणी आणि दोन्ही बाजूंना चकचकीत तपकिरी उतार उरतात. हे उतार तुमच्या फायद्याचे आहेत. ते तिरके खाली जातात म्हणून नजर आपोआप तळाला जाते, आणि ओला चिखल आकाश जवळजवळ पाण्याइतकंच परतवतो. रॉ अंबर आणि बर्न्ट सायनाचा तळ द्या, त्यावर आकाशाचाच रंग आडवा, विरळ ओढा. पाणी भरतीचं असलं तरी गढूळच असतं, फक्त त्यावर आकाश जास्त सलग दिसतं. तिथे पुन्हा जाऊन काढणार असाल तर भरतीचं वेळापत्रक आधी बघा. भरती रोज सुमारे पाऊण ते एक तास पुढे सरकते, त्यामुळे कालच्याच उन्हात कालचंच पाणी आज मिळत नाही. तसं जुळायला साधारण पंधरवडा जातो.

जहाजाचं. घालायचं तर घाला, पण मग चिखल घालवावा लागेल, कारण जहाजं भरतीच्या पाण्यावरच वर येत. आणि वर्ष ठरवा. काम १८३१ मध्ये सुरू झालं. १८४३ मध्ये पैसे संपून काम थांबलं आणि नुसते दोन अर्धवट मनोरे समोरासमोर उभे राहिले. पुलाचा आराखडा करणारा इंजिनिअर ब्रुनेल १८५९ मध्ये वारला, काम १८६२ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि पूल ८ डिसेंबर १८६४ ला उघडला. म्हणजे पूर्ण पूल आणि खाली १८५० सालचं दृश्य हे एका चित्रात बसत नाही. साखळ्या लंडनच्या हंगरफर्ड पुलाच्या, तोही ब्रुनेलचाच. तो पाडला तेव्हा इथे आणून लावल्या. ब्रुनेलच्या आराखड्यात दर बाजूला दोनच साखळ्या होत्या. तिसरी पूल पुरा करणाऱ्या हॉकशॉ आणि बार्लो या इंजिनिअरांनी वाढवली. जुनी कल्पनाचित्रं समोर ठेवून काढणार असाल तर हे तपासा. मनोऱ्यांवर स्फिंक्स दिसले तर ते चित्र कागदावरच राहिलेल्या पुलाचं आहे. आणखी एक: उजव्या काठाने जाणारा पोर्टवे हा रस्ता १९२६ चा. एकोणिसावं शतक हवं असेल तर तोही जायला हवा. सगळ्यावर तपकिरी ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, फिरवून जुनेपणा येत नाही, चित्र नुसतं मळकट होतं. मी तुमच्या जागी असतो तर आजचाच पूल, आजचीच ओहोटी ठेवली असती.

हा कॅनव्हास टाकून देऊ नका. साखळ्यांचा थर अजून पूर्ण वाळला नसेल तर नाइफने हलकेच खरवडा. वाळला असेल तर बारीक सँडपेपरने नुसती उठलेली रेघ बसवा. उरलेला डाग राहू द्या, तो खाली उपयोगी पडतो. मग आधी डावीकडचा ओटा आणि उजवीकडचा कडा, त्यांच्यामागून घळीचा तळ. हे तिन्ही मनासारखे झाल्यावरच आकाशाचा नवा पातळ थर द्या, आणि तो ओला असताना साखळी. कर्णांची आखणी पातळ बर्न्ट सायनाने त्याच्याही आधी, म्हणजे ती आकाशातून अंधूक दिसत राहील. दांडे शेवटी, तेही दुसऱ्या दिवशी. ओटा आणि कडा झाल्यावर एक फोटो टाका, शक्यतो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. साखळीला किती गडद जायचं ते त्यावरून सांगता येईल.